‘यूज’ म्हणजे काय? एका क्रियापदावर मिळालेली ३० वर्षं

फ्लोरिडातल्या एका मोटेलच्या खोलीत स्मिथ नावाच्या माणसानं काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून बंदूक काढून समोरच्याला दाखवली. मॅक-१०. आकारानं आटोपशीर, वजनाला हलकी आणि फेरफार करून पूर्ण स्वयंचलित केलेली. मिनिटाला हजारावर गोळ्या सुटतील अशी. बरोबर सायलेन्सरही होता. समोरचा माणूस वस्तू गहाण ठेवून घेणारा दुकानदार म्हणून आला होता. त्यानं बंदूक निरखली आणि हिचं काय घेणार म्हणून विचारलं. स्मिथनं पैशांचा आकडा सांगितलाच नाही. त्याला बदल्यात दोन औंस कोकेन हवं होतं, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम.

दुकानदार म्हणाला, मी त्या धंद्यातला नाही, पण बंदूक हवी आहे. माल मिळतो का बघतो, तासाभरात येतो. तो गेला तो थेट ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरिफ कचेरीत, कारण तो साध्या वेशातला पोलीस होता. स्मिथच्या ओळखीची, त्याला कोकेन मिळवून देणारी बाई पोलिसांची खबरी होती. स्मिथला मात्र तासभर दम निघाला नाही. बंदुकीची पिशवी घेऊन तो व्हॅनमध्ये बसला आणि निघाला, पोलिसांनी अडवायला जाताच भरधाव सुटला, शेवटी सापडला. झडतीत मॅक-१० आणि सायलेन्सर तर मिळालेच, शिवाय एक मॅक-११ मशीनगन, एक भरलेलं .४५ पिस्तूल, दुर्बीण आणि घरी बनवलेला सायलेन्सर असलेलं .२२ पिस्तूल, आणि कमरेला खोचलेलं आणखी एक भरलेलं ९ मिमी पिस्तूल. पण मोटेलच्या त्या खोलीत त्यानं कुणावर नेम धरला नव्हता की कुणाला धाक दाखवला नव्हता. बंदूक तिथं विक्रीचा माल म्हणून आली होती.

हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो ‘यूज’ या एका क्रियापदापायी. ‘स्मिथ विरुद्ध अमेरिका’चा निकाल १ जून १९९३ रोजी सहा विरुद्ध तीन असा लागला. शाळेत ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाला ‘यूज’समोर ‘एम्प्लॉय’ लिहिलं की एक गुण मिळतो आणि विषय संपतो. इथं त्याच जोडीवर एका माणसाची ३० वर्षं तोलली गेली.

कलम काय म्हणतं

अमेरिकेत १९६८ साली आलेल्या बंदूकविषयक संघीय कायद्यातलं हे कलम, ९२४(सी). पुढच्या दुरुस्त्यांनंतर १९९३ मध्ये त्याचा आशय असा होता : हिंसक किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कुणी बंदूक ‘यूज’ करील किंवा ‘कॅरी’ करील, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर आणखी पाच वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर असेल तर पाचाची तीस. ही शिक्षा मूळ शिक्षेबरोबर एकत्र भोगता येत नाही, तिच्यावर चढते. न्यायाधीशाला ती कमी करण्याची मुभाही नाही.

कलमात दोन क्रियापदं आहेत. स्मिथ बंदूक व्हॅनमधून नेत होता, तेव्हा ‘कॅरी’ लावणं सोपं गेलं असतं असं कुणालाही वाटेल. पण आरोपपत्रात शब्द होता ‘यूज’. एकदा आरोप त्या शब्दावर ठेवला की खटला त्याच शब्दावर चालवावा लागतो. ज्युरीनं दोषी ठरवलं, अपील न्यायालयानं ते कायम केलं. देशातली अपील न्यायालयं या मुद्द्यावर एकमेकांशी सहमत नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हाती घेतलं. प्रश्न एका ओळीचा : अमली पदार्थ मिळवण्यासाठी बंदूक देऊ करणं म्हणजे बंदूक ‘यूज’ करणं का?

आता हे क्रियापद जरा जवळून पाहू. इंग्रजीत जी क्रियापदं दिवसभर तोंडात असतात त्यांच्याच नोंदी कोशात सर्वांत लांब असतात. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ वेगळे काढले, आणि त्या एका नोंदीला त्यांना नऊ महिने लागले. ‘यूज’चा पसारा तेवढा नाही. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं, दिसायला सरळ क्रियापद. पण ते शेजाऱ्यांप्रमाणे रंग बदलतं. नुसतं ‘ही यूजेस’ म्हटलं की तो नशा करतो. माणूस कर्म झाला, ‘ही यूज्ड हर’, की स्वार्थासाठी त्यानं तिचा फायदा घेतला. ‘आय कुड यूज अ कप ऑफ टी’ म्हणणाऱ्यासमोर चहा अजून आलेलाच नसतो. आला तर बरं होईल, एवढंच त्याचं म्हणणं. ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाकणं. ‘यूज्ड टू’ कधी पूर्वीची रीत सांगतं, कधी सवय. आणि ‘यूज्ड कार’ म्हणजे फक्त जुनी गाडी. यातल्या कुठल्याही वाक्यात बोलणारा अडखळत नाही, ऐकणाराही नाही. कर्म काय आहे आणि पुढं कुठलं अव्यय आलंय यावरून अर्थ आपोआप लागतो. अडचण येते ती वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडून निघून कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसतं तेव्हा. तिथं प्रसंग नसतो, समोरचा चेहरा नसतो. असतं फक्त ‘यूजेस अ फायरआर्म’.

कोश उघडला

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी लिहिला. कायद्यात ‘यूज’ची व्याख्या दिलेली नाही, तेव्हा शब्दाचा नेहमीचा अर्थ घ्यायचा, आणि नेहमीचा अर्थ पाहायला कोश उघडायचा, अशी त्यांची वाट. वेबस्टरमध्ये मिळालं : आपल्या सेवेला लावणं, ‘एम्प्लॉय’ करणं. ब्लॅक यांच्या कायदेकोशात याहून लांब यादी मिळाली. त्यात ‘एम्प्लॉय’ होतंच, शिवाय ‘युटिलाइझ’ होतं, एखाद्या गोष्टीचा लाभ घेणं होतं, तिच्याकरवी एखादं काम साधणं होतं. १८८४ सालच्या एका निकालातही या न्यायालयानं ‘यूज’चा अर्थ ‘एम्प्लॉय’ किंवा सेवा मिळवणं असाच लावला होता, हेही त्यांनी दाखवलं. स्मिथनं बंदूक पुढं करून कोकेन मिळवण्याचा प्रयत्न केला, म्हणजे बंदूक आपल्या कामी लावली. झालं, हा ‘यूज’.

बचाव पक्षाचं म्हणणं होतं की ‘यूज’ म्हणजे शस्त्र म्हणून वापर. त्यावर ओ’कॉनर यांचं उत्तर : ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द कलमात आहेत कुठं? तुम्ही ते घाला म्हणता, आम्ही घालणार नाही. याच कायद्यात जप्तीचं एक पोटकलम आहे. त्यात गुन्ह्यात ‘यूज’ केलेल्या बंदुका जप्त करायच्या म्हटलंय, आणि तिथल्या गुन्ह्यांच्या यादीत असेही गुन्हे आहेत ज्यांत बंदूक हा निव्वळ खरेदीविक्रीचा माल असतो. म्हणजे संसदेनं स्वतःच हे क्रियापद एवढं रुंद वापरलं आहे. शिवाय देवाणघेवाणीला आणलेली बंदूक क्षणात चालवायची बंदूक होऊ शकते, हा धोका सौद्यात कमी होत नाही.

या शेवटच्या मुद्द्यात दम आहे. पण तो धोक्याचा मुद्दा आहे, क्रियापदाचा नव्हे. बंदूक घेऊन सौद्याला येणाऱ्याला जादा शिक्षा हवी, हे शहाणं धोरण असेलही. कलमातल्या शब्दात ते मावतं का, हा प्रश्न निराळा.

आणि इथं समानार्थी शब्दांची गंमत उघडी पडते. ‘यूज’च्या जागी ओ’कॉनर यांनी ‘एम्प्लॉय’ आणि ‘सेवा मिळवणं’ आणून बसवलं आणि मग विचारलं, स्मिथनं बंदुकीकडून सेवा मिळवली की नाही? उत्तर ‘हो’ असणारच. आता कोशाच्या त्याच गल्लीतले दुसरे शब्द घेऊन पाहा. ‘वील्ड’ घातलं की वस्तू हातात हवी, आणि हात उगारलेला हवा, स्मिथ सुटतो. ‘ब्रँडिश’ घातलं की नाचवून धाक दाखवायला हवा, सुटतो. ‘युटिलाइझ’ हा सरकारी पत्रव्यवहारातला लाडका शब्द, त्यात मूळ कामाखेरीज दुसऱ्याच कामाला वस्तू लावण्याचीही छटा आहे, स्मिथ अडकतो. ‘एक्सप्लॉइट’ घातलं तर तो आणखी घट्ट अडकतो, कारण तिथं हेतू फायद्याचाच असतो. ‘कन्झ्यूम’ही ‘यूज’चा समानार्थी म्हणून कोशात सापडेल, आणि बंदुकीच्या बाबतीत तो निव्वळ विनोद होईल. म्हणजे कोणता समानार्थी शब्द उचलला इथंच निकाल लागून जातो. पुढचा युक्तिवाद हा त्या निवडीवर चढवलेला कोट असतो. कोश एका शब्दाचे दहा शेजारी देतो. या वाक्यात त्यातला कोण राहतो, ते मात्र सांगत नाही.

आजोबांची काठी

विरोधी मत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं. जॉन पॉल स्टीव्हन्स आणि डेव्हिड सूटर त्यांच्याबरोबर. स्कॅलिया गुन्हेगारांबद्दल मवाळ म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत, तेव्हा इथं दयेचा प्रश्न नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं : एखादं साधन ‘यूज’ करणं म्हणजे ते ज्यासाठी आहे त्यासाठी वापरणं, असंच सगळे समजतात. ‘तुम्ही काठी वापरता का?’ असं कुणी विचारलं तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही दिवाणखान्यात शोभेला टांगली आहे का, हे त्याला विचारायचं नसतं. तुम्ही काठी टेकत चालता का, एवढंच त्याला हवं असतं. बंदुकीचंही तसंच. बंदुकीनं डोकं खाजवलं तरी कोशाच्या हिशेबानं तो ‘यूज’ होईल. म्हणून कुणी बंदूक ‘यूज’ केली असं म्हणत नाही.

ओ’कॉनर यांनी डोकं खाजवण्याला उत्तर दिलं. कलमात ‘गुन्ह्याच्या संबंधात’ हे शब्द आहेत, ते असल्या निरुपद्रवी वापराला आपोआप बाहेर ठेवतात. उत्तर चोख आहे. पण त्यानं स्कॅलिया यांचा दुसरा मुद्दा ढळत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण खटल्यातलं सर्वांत नेमकं वाक्य तेच : एखादा शब्द कसा वापरला जाऊ शकतो आणि तो सहसा कसा वापरला जातो, यातला फरक न्यायालयाला उमगलेला दिसत नाही. कोशाचं काम पहिलं आहे, शक्यता टिपून ठेवण्याचं. नेहमीचा अर्थ सांगायचा म्हणून ओ’कॉनर यांनी कोश उघडला, पण त्यातून त्यांनी शक्य अर्थ बाहेर काढला. ‘शस्त्र म्हणून हे शब्द कलमात नाहीत’ या आक्षेपावरही स्कॅलिया यांचं उत्तर असं की ते शब्द घालायचेच नाहीत. ‘बंदूक यूज करणं’ म्हटलं की ते त्यात आलेच. ‘मला चाकू दे’ म्हणणारा माणूस ‘कापायला’ हा शब्द गाळतो म्हणून आपण त्याला चाकूचा फोटो देत नाही. (चाकूचं उदाहरण माझं, न्यायमूर्तींवर ढकलू नये.)

शेवटी स्कॅलिया यांनी संशयाच्या फायद्याचं तत्त्व पुढं केलं : फौजदारी कलमाचा अर्थ खरोखरच दोन्हीकडं झुकत असेल तर तो आरोपीच्या बाजूनं लावायचा. बहुमताला ते पटलं नाही. स्मिथची ३० वर्षं कायम राहिली.

शेजारचं क्रियापद

दोन वर्षांनी हाच शब्द परत आला. ‘बेली विरुद्ध अमेरिका’, निकाल ६ डिसेंबर १९९५. यात दोन आरोपी होते. बेलीची गाडी पुढची नंबरप्लेट नाही म्हणून अडवली गेली. आत कोकेन सापडलं, आणि मागच्या डिकीत एका पिशवीत भरलेलं ९ मिमी पिस्तूल. दुसऱ्या आरोपीच्या, रॉबिन्सनच्या घरी झोपायच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद पेटी, पेटीत म्यानातलं, गोळ्या नसलेलं .२२ डेरिंजर, म्हणजे एक छोटं पिस्तूल. दोघांनाही खालच्या न्यायालयानं ‘यूज’खाली दोषी ठरवलं होतं. कारण असं की बंदूक हाताशी होती, गुन्ह्याच्या जागेपाशी होती, मालाची राखण होत होती.

या वेळी न्यायालय एकमतानं म्हणालं, नाही. आणि निकाल लिहिणाऱ्या पुन्हा ओ’कॉनरच. ‘यूज’ म्हणजे प्रत्यक्ष कामी लावणं. नुसती जवळ असणं पुरत नाही. त्यांनी दिलेलं एक वाक्य इंग्रजी शिकवणाऱ्या कुणीही फळ्यावर लिहावं असं आहे : ‘घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.’ एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, दोन अर्थांनी, आणि वाक्याला काडीचाही धक्का लागत नाही. कलमातला अर्थ त्यांनी दुसऱ्या अर्ध्या भागातला धरला. मग ‘यूज’मध्ये काय काय येतं तेही सांगितलं : बंदूक नाचवणं, दाखवणं, तिच्या दस्त्यानं मारणं, झाडणं किंवा झाडायचा प्रयत्न करणं, आणि मालाच्या बदल्यात देणं. शेवटची भर अर्थात स्मिथ प्रकरण सांभाळण्यासाठी. यादीत ती पाहुण्यासारखी अवघडून बसलेली दिसते.

अर्थ एवढा आक्रसला कशानं? तर शेजाऱ्यानं. कलमात ‘यूज’च्या पलीकडं ‘कॅरी’ आहे. बंदूक नुसती जवळ असणं हाही ‘यूज’ ठरवला तर ‘कॅरी’ला कामच उरत नाही, आणि संसद रिकामे शब्द लिहीत नाही असं न्यायालयाला धरून चालावं लागतं.

हाच खेळ आपल्याकडं नेमका उलट दिशेनं झाला आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ३९७ : दरोडा किंवा जबरी चोरी करताना गुन्हेगार प्राणघातक हत्यार ‘यूजेस’, तर किमान सात वर्षं. लगेच पुढचं ३९८ : असा गुन्हा करण्याच्या प्रयत्नाच्या वेळी तो प्राणघातक हत्यारानं सज्ज असेल, तरीही किमान सात वर्षं. १९७५ साली ‘फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढं प्रश्न आला की आरोपीच्या हातात सुरा होता, पण त्यानं तो चालवला नाही. हा ‘यूज’ म्हणायचा का? न्यायालय म्हणालं, हो. समोरच्याला दिसेल आणि तो घाबरेल अशा रीतीनं हत्यार उघडं हातात असलं की पुरे. कारण नुसत्या प्रयत्नाला हत्यारानं सज्ज असणं पुरत असेल, तर पुऱ्या झालेल्या गुन्ह्याला प्रत्यक्ष वार लागावा हे विसंगत होईल. तिथं शेजारच्या ‘कॅरी’नं ‘यूज’ला आत ढकललं; इथं शेजारच्या ‘सज्ज असणं’नं ‘यूज’ला बाहेर ओढलं. शब्द तोच, कोश तोच, शेजार वेगळा. २०२४ च्या जुलैपासून ही दोन्ही कलमं भारतीय न्याय संहितेत ३११ आणि ३१२ म्हणून गेली आहेत, तरी शेजार मोडलेला नाही.

व्यक्तिशः मला फूल कुमारचा अर्थ स्मिथच्या अर्थापेक्षा बोलीला जवळचा वाटतो. सुरा दाखवून पाकीट काढून घेणाऱ्यानं सुरा वापरला, असं म्हणायला कुणाला कोशाची गरज पडत नाही. सुरा भंगारात विकून आलेल्या पैशांची दारू पिणाऱ्यानं सुरा ‘वापरला’, असं मात्र आपण म्हणणार नाही.

‘कॅरी’ची पाळी

‘यूज’ अरुंद झाल्यावर सरकारी वकिलांनी साहजिकच ‘कॅरी’कडं मोर्चा वळवला, आणि जून १९९८ मध्ये ‘मस्कारेलो विरुद्ध अमेरिका’ प्रकरणात त्याचीही चिरफाड झाली. बंदूक गाडीच्या पुढच्या कुलूपबंद कप्प्यात असेल तर माणूस ती ‘कॅरी’ करतो का? पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर ‘हो’ आलं. बहुमतातर्फे स्टीफन ब्रायर यांनी ऑक्सफर्ड कोश काढला, ‘कॅरी’चं ‘कार’शी आणि ‘कार्ट’शी असलेलं मुळातलं नातं दाखवलं, बायबलचा इंग्रजी अनुवाद आणि जुन्या कादंबऱ्या धुंडाळल्या. वर संगणकावर वर्तमानपत्रांतली हजारो वाक्यं शोधली. गाडीतून बंदूक नेण्याच्या अर्थानं ‘कॅरी’ आलेली वाक्यं त्यांच्या अंदाजानं एक तृतीयांशाहून जास्त निघाली.

रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधात विचारलं की मग उरलेल्या दोन तृतीयांश वाक्यांत काय अर्थ होता? बिनतोड प्रश्न. त्यांनीही आपल्या बाजूनं उदाहरणांची रास लावली. त्यात ‘हळू बोला, पण हातात दांडका असू द्या’ हे थिओडोर रूझवेल्ट यांचं सुप्रसिद्ध वचन होतं आणि एका लोकप्रिय टीव्ही मालिकेतल्या पात्राची ‘कॅरी’च्या कोट्यांनी भरलेली फैर होती. दोन्ही बाजूंना हवी तेवढी उदाहरणं सापडली. एवढ्या बोलक्या क्रियापदाला साक्षीदारांची ददात कशी पडणार? पुढं काही अमेरिकी न्यायाधीशांनी आणि अभ्यासकांनी कोशाऐवजी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोठा साठा, पद्धतशीर तपासायचा आग्रह धरला, त्याची एक ठिणगी इथली आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेनं कलम दुरुस्त केलं. ‘यूज’ आणि ‘कॅरी’ यांच्या जोडीला गुन्हा पुढं नेण्यासाठी बंदूक बाळगणं, म्हणजे ‘पझेस’, आलं. शिवाय एक उतरंड रचली गेली : साध्या वापराला किंवा बाळगण्याला पाच वर्षं, ‘ब्रँडिश’ केली तर सात, ‘डिसचार्ज’ झाली तर दहा. ‘ब्रँडिश’ची तर व्याख्याच कलमात घातली, पुन्हा कोशाकडं धावायला नको म्हणून.

तरी ‘डिसचार्ज’वरून २००९ मध्ये भांडण झालंच. ‘डीन विरुद्ध अमेरिका’ खटल्यात बँक लुटताना आरोपीच्या हातून बंदूक चुकून उडाली. कुणाला लागली नाही, त्यानं शिवी हासडली आणि तो पळाला. कलमात क्रियापद कर्मणी प्रयोगात आहे : बंदूक ‘डिसचार्ज झाली तर’. कुणी केली, मुद्दाम की चुकून, हे वाक्य सांगत नाही. सात विरुद्ध दोन मतांनी दहा वर्षं कायम झाली. मराठीत ‘गोळी झाडली’ आणि ‘गोळी सुटली’ यांत जो फरक आपण दोन क्रियापदांनी करतो, तो तिथं एका प्रयोगानं पुसला.

देणारा आणि घेणारा

स्मिथ प्रकरणाचा खरा हिशेब मात्र आधीच, १० डिसेंबर २००७ रोजी झाला होता. ‘वॉटसन विरुद्ध अमेरिका’. यात सौदा उलटा होता. वॉटसननं साध्या वेशातल्या अधिकाऱ्याला ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक औषधाच्या २४ गोळ्या दिल्या आणि बदल्यात .५० पिस्तूल घेतलं. सरकारचा युक्तिवाद सरळ होता : देणाऱ्यानं बंदूक ‘यूज’ केली असं तुम्हीच स्मिथ खटल्यात म्हणालात, तर त्याच व्यवहारात घेणाऱ्यानंही केलीच.

निकाल डेव्हिड सूटर यांनी लिहिला, तेच, जे १९९३ मध्ये स्कॅलिया यांच्या बाजूला होते. या वेळी त्यांनी कोश जवळजवळ बाजूलाच ठेवला आणि एक पोरगा आणला. पोरानं सफरचंद देऊन ग्रॅनोला बार घेतला. त्यानं सफरचंद वापरलं, असं म्हणता येईल. पण ‘त्यानं ग्रॅनोला बार वापरला’ एवढंच ऐकून कोणी काय दिलं आणि कोणी काय घेतलं, ते कुणाला कळेल? सौद्यात बंदूक नुसती घेतल्यानं माणूस ती ‘यूज’ करतो असं सरकार म्हणत असेल, पण दुसरं कुणी म्हणणार नाही, असा टोलाही त्यांनी हाणला. वॉटसनवरचा ‘यूज’चा आरोप टिकला नाही.

इथं कसोटी बदलली आहे. स्मिथ खटल्यात न्यायालयानं विचारलं होतं, हा अर्थ शब्दात बसतो का? वॉटसन खटल्यात विचारलं, हे वाक्य कुणी बोलेल का? पहिल्या प्रश्नाला समानार्थी शब्दांची यादी उत्तर देते. दुसऱ्याचं उत्तर ती भाषा रोज बोलणाऱ्यालाच देता येतं, आणि त्याला ते द्यायला क्षणभरही लागत नाही. स्मिथच्या वेळी हीच दुसरी कसोटी लावली असती तर निकाल काय आला असता, हे सूटर यांनी लिहिलं नाही. स्मिथच्या निकालाला त्यांनी हात लावला नाही. देणारा ‘यूज’ करतो, घेणारा करत नाही, अशी विभागणी करून ते थांबले.

ते बोलून दाखवलं गिन्सबर्ग यांनी. १९९३ च्या निकालाच्या वेळी त्या सर्वोच्च न्यायालयात नव्हत्या. आता स्वतंत्र छोट्या मतात त्यांनी लिहिलं की निदान बंदुकीच्या बाबतीत तरी देण्यापेक्षा घेणं बरं, असं न्यायालय आज ठरवतं आहे. दोन्ही बाजूंना वेगळा न्याय लावणं त्यांना पटत नव्हतं. दोघांनाही सोडावं, कारण बंदूक ‘यूज’ करणं म्हणजे शस्त्र म्हणून वापरणं, आणि स्मिथचा निकाल मुळात चुकला होता, असं त्यांचं मत. वॉटसनच्या बाजूनं लागलेल्या निकालाशी त्या सहमत झाल्या, पण स्मिथ बाजूला सारून.

त्यांच्याशी जोडीला कुणी आलं नाही. स्कॅलियासुद्धा सूटर यांच्या मतात सामील झाले. १९९८ च्या दुरुस्तीतलं ‘पझेस’ हे क्रियापद हाताशी असल्यानं बंदूक घेणाऱ्यालाही आता त्याखाली पकडता येतं, त्यामुळं सरकारी वकिलांना ‘यूज’वर झगडण्याची फारशी गरज उरलेली नाही. ‘स्मिथ विरुद्ध अमेरिका’ रद्द न होता पुस्तकात तसाच आहे, आणि कायद्याच्या वर्गात तो बंदुकीच्या धड्यापेक्षा कोशाच्या धड्यासाठीच जास्त काढला जातो.